एक निबंध, एक नोंद

संशोधनगटाची प्रकाशनसूची म्हणजे त्या गटाने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांची, ग्रंथांची, ग्रंथांतील प्रकरणांची आणि परिषदांत मांडलेल्या निबंधांची व्यवस्थित लावलेली नोंद. वरवर पाहता विद्यापीठीय कामकाजात याहून साधा कागद दुसरा नसेल. तरीही एखाद्या विभागात ही सूची मागितली, तर हाती एकच प्रत क्वचित येते. वार्षिक अहवालासाठी केलेली एक असते, प्रकल्पाच्या मुदतवाढीच्या अर्जाला जोडलेली दुसरी, नॅकच्या मूल्यांकनासाठी वेगळ्या रकान्यांत भरलेली तिसरी, विभागप्रमुखांच्या परिचयपत्रातली चौथी, आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या आपापल्या संगणकांवर आणखी कितीतरी. यांतली प्रत्येक यादी ती तयार झाली त्या दिवशी बरोबरच असते. पुढे ‘स्वीकृत’ म्हणून नोंदलेला निबंध छापून येतो, त्याला खंड आणि पृष्ठांक मिळतात, कधी मुद्रितशोधनात शीर्षकातला एखादा शब्दही बदलतो. ही दुरुस्ती पाचांपैकी एखाद्या यादीत होते, आणि दोन वर्षांनी खरी यादी कोणती हे सांगू शकणारी व्यक्ती संस्था सोडून गेलेली असते. सूची बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण एकाच गोष्टीच्या अनेक नकला हे आहे, आणि म्हणून तिच्या व्यवस्थेचा पहिला नियमही तेवढाच थोडका आहे: प्रत्येक निबंधाची नोंद एकदाच, एकाच ठिकाणी करावी आणि ज्या ज्या याद्या लागतील त्या सर्व त्या एका नोंदीतून काढाव्यात.

हे ‘एक ठिकाण’ सर्वांना लिहिता येईल असे असावे, ही गरज विकी या साधनाने फार सोपी केली. विकी म्हणजे असे संकेतस्थळ, ज्याची पाने वाचणाऱ्यालाच तेथल्या तेथे संपादित करता येतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी असे पहिले स्थळ सुरू केले आणि त्याला होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या ‘विकी विकी’ बसचे नाव दिले. हवाई भाषेत विकी म्हणजे जलद. त्या कल्पनेतून जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया उभा राहिला, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि विकिपीडियासाठी लिहिलेली मीडियाविकी ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली असल्यामुळे प्रयोगशाळा आणि विभागही ती आपापल्या यंत्रावर बसवू लागले. मराठी विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांनी या व्यवहारासाठी जी परिभाषा रूढ केली तिच्यातले काही शब्द इथे उपयोगी पडतात. ठरावीक रकान्यांचा जो मजकूर अनेक पानांवर पुन्हा पुन्हा वापरायचा असतो तो ‘साचा’, एका विषयाची पाने एकत्र दाखवणारी खूण म्हणजे ‘वर्ग’, आणि सरावासाठी राखून ठेवलेले पान म्हणजे ‘धूळपाटी’. धूळपाटी हा शब्द विशेष समर्पक आहे, कारण जुन्या शाळेत मूल ज्या पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवी आणि चुकल्यास हाताने पुसून टाकी, तिच्याइतकाच हा सराव निर्धास्त असतो.

विकीची खरी ताकद मात्र ‘इतिहास’ या दुव्यामागे असते. पानावर झालेला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि त्याआधी तिथे काय होते, हे सर्व जपून ठेवले जाते, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो आणि चुकीचा बदल उलटवताही येतो. सामायिक पत्रकाच्या फाइलवर ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम दुरुस्त’ अशी नावे चढत जातात ती अशा इतिहासाच्या अभावी. जिथे चूक दुरुस्त करणे सहज शक्य असते तिथे नवख्या विद्यार्थ्यालाही लिहू देता येते, आणि निबंधाचा पृष्ठांक सर्वांत आधी ठाऊक होतो तो बहुधा त्या निबंधावर प्रत्यक्ष काम केलेल्या विद्यार्थ्यालाच.

प्रयोगशाळांनी विकी कसा वापरला याचे चांगले उदाहरण म्हणून ओपनवेटवेअरकडे पाहता येते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ड्र्यू एंडी आणि टॉम नाइट यांच्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांनी २००५ साली जीवशास्त्रीय कार्यपद्धती लिहून ठेवण्यासाठी हा विकी सुरू केला आणि पुढे इतर अनेक प्रयोगशाळांनी आपली पाने त्यावर उघडली. प्रकाशनांच्या याद्यांसाठी या विकीवर एक लहानशी सोय होती, आणि या प्रकरणाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची पबमेड ही सूची प्रत्येक निबंधाला एक क्रमांक देते. ओपनवेटवेअरच्या पानावर संपादकाने फक्त तो क्रमांक लिहायचा, आणि लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष हा तपशील आज्ञावली पबमेडमधून आणून पानावर मांडत असे. माणसाने टंकायचा मजकूर जितका कमी, तितकी चुकीला जागा कमी, ही साधी दृष्टी त्यामागे होती. मात्र पबमेड जीवशास्त्र आणि वैद्यक यांपुरती आहे. भाषाशास्त्र, पुरातत्त्व किंवा गणित यांच्या गटांना तपशील स्वतः लिहावा लागतो, आणि म्हणून नोंद कशी लिहावी याचे काही नियम ठरवावे लागतात.

नोंद म्हणजे सलग वाक्य नव्हे, हे आरंभीच स्पष्ट असणे आवश्यक आहे. लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे या गोष्टी स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहिल्या की वाचकाला त्या कळतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती केवळ अक्षरांची माळ असते. तीच माहिती वेगवेगळ्या रकान्यांत ठेवली, तर एकाच नोंदीतून आधी वर्ष देणारी किंवा आधी लेखक देणारी, तिरप्या ठशातली किंवा साध्या ठशातली, अशी कोणतीही मांडणी काढता येते. गणित आणि भौतिकीच्या क्षेत्रांत हे तत्त्व बिबटेक या आज्ञावलीमुळे रुजले. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक रचले, आणि ओरेन पटाश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्यासह १९८५ साली संदर्भांसाठी बिबटेक तयार केले. आजही बहुतेक प्रकाशक आपल्या निबंधाची नोंद बिबटेकच्या रूपात उतरवून घेण्याची सोय देतात. ती नोंद तशीच विकीवर चिकटवण्याचा मोह होतो, आणि इथे थोडे थांबणे बरे. बिबटेकच्या अनेक शैली रोमन शीर्षकातील मोठी अक्षरे लहान करतात, त्यामुळे महिरपी कंसात घातले नसेल तर डीएनए हे संक्षिप्त रूप लहान अक्षरांत उतरते आणि देशाच्या नावाचे पहिले अक्षरही लहान होते. तसेच दोन लेखकांमध्ये स्वल्पविराम न घालता ‘अँड’ हा इंग्रजी शब्दच घालावा लागतो, कारण स्वल्पविराम आडनाव आणि नाव वेगळे करण्यासाठी राखून ठेवलेला आहे. पाच लेखकांची स्वल्पविरामांनी जोडलेली यादी ही आज्ञावली एकाच विचित्र नावाची व्यक्ती समजू पाहते.

मीडियाविकीवर हेच रकाने साच्यात बसवता येतात. प्रत्येक निबंधाला स्वतंत्र पान द्यावे, पानावर फक्त साचा भरावा आणि वर्षांचे, व्यक्तींचे, प्रकल्पांचे वर्ग जोडावेत, म्हणजे त्या त्या वर्गाचे पान आपोआप एक यादी होते. याहून नेमके प्रश्न विचारायचे असतील, उदाहरणार्थ अमुक विद्यार्थिनीने २०१९ नंतर अमुक प्रकल्पाच्या निधीतून लिहिलेले निबंध हवे असतील, तर २००५ पासून विकसित होत आलेला सिमँटिक मीडियाविकी हा जोड उपयोगी पडतो, कारण त्यात पानावरील प्रत्येक माहितीला गुणधर्माचे नाव देऊन त्यांवर शोध चालवता येतो. पाच जणांच्या आणि तीसेक निबंधांच्या गटाला मात्र या यंत्रणेची गरज नाही; त्यांना एक पान, एक साचा आणि तो भरण्याची सवय पुरते, आणि यंत्रणा उभारण्याच्या उत्साहात नोंदी मागे पडणे हा अशा गटांना जडणारा नेहमीचा रोग आहे. पानाचे नाव ठरवतानाही साधेपणाच बरा. निबंधाचे पूर्ण शीर्षक पानाला देणे गैरसोयीचे ठरते, कारण शीर्षकातले काही प्रकारचे कंस आणि चिन्हे मीडियाविकी पानाच्या नावात स्वीकारत नाही, शिवाय नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी, तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी शीर्षकाला पंच्याऐंशीच चिन्हे मिळतात. पहिल्या लेखकाचे आडनाव, वर्ष आणि विषयाचा एक शब्द एवढे नाव पुरेसे असते. ते पुढे बदलावे लागलेच, तर जुन्या नावावरून नव्याकडे पुनर्निर्देशन ठेवावे, म्हणजे जुने दुवे तुटत नाहीत.

या सर्व रकान्यांत सर्वांत अवघड रकाना लेखकाचा, आणि तो तसा का आहे हे मराठी वाचकाला फार दूर न जाता समजते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएचडी मिळवली तेव्हा त्या कमला भागवत होत्या, आणि वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावर रॉबर्ट हिल यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध भागवत या नावाने आहे. १९४७ साली त्यांचा विवाह झाला. म्हणून १९४७ पूर्वी भागवत आणि त्यानंतर सोहोनी, असा सरळ नियम सूचीकाराने केला तर तो लगेच फसतो, कारण हिल यांच्यासह त्याच विषयावर लिहिलेला विस्तृत निबंध १९५१ साली छापून आला तोही भागवत याच नावाने. आणि १९५५ साली पुन्हा ‘नेचर’मध्येच कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक घटकांवर, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या विकराला अडवणाऱ्या द्रव्यांवर, आलेला निबंध सोहोनी या नावाने आहे. एकाच नियतकालिकात एकाच व्यक्तीची दोन आडनावे, आणि त्यात रोमन लिपीतील वर्णलेखनाची भर: भागवतमधला ‘व’ कोणी एका अक्षराने लिहितो तर कोणी दुसऱ्या, सोहोनी या नावाच्या शेवटी एक अक्षर कधी असते तर कधी नसते.

याच्या उलट अडचण नारळीकरांच्या बाबतीत दिसते. सापेक्षतेच्या सिद्धांतावर काम करणारे विष्णू वासुदेव नारळीकर, विश्वरचनाशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर, अतिसंवाहक पदार्थांचे अभ्यासक अनंत विष्णू नारळीकर आणि गणितज्ञ मंगला नारळीकर ही एकाच घरातली चार संशोधक माणसे. केवळ आडनावावर शोध घेतला की चौघांचे काम एका यादीत येते, आणि त्यांतील वडील आणि मोठा मुलगा यांचे विषयही इतके जवळचे की विषयावरून त्यांना वेगळे करणे जाणकारालाही नेहमी जमेलच असे नाही. शिवाय रोमन लिपीत ‘ळ’ नसल्याने या घराण्याचे नाव इंग्रजी सूचीत ‘ल’चेच होऊन बसते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. त्यांच्या साहित्याची सूची करणाऱ्याने ही गोष्ट माहीत करून घेतलीच पाहिजे, कारण कोणत्याही यंत्राला ती नावावरून सापडणार नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही १९६०च्या दशकात अविभाज्य संख्यांवरचे काही गणिती लेखन एस. डुक्रे या नावाने प्रसिद्ध केले होते.

मोठ्या सूचींनी या अडचणीत भरच घातली. वैद्यकीय साहित्याची मेडलाइन ही सूची २००२ पर्यंत लेखकांचे आडनाव आणि फक्त आद्याक्षरे नोंदवत असे, त्यामुळे एस. पाटील किंवा ए. जोशी या नावाखाली किती माणसे उभी आहेत हे कळण्याचा मार्ग नव्हता. या गोंधळावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑर्किड ही व्यवस्था सुरू झाली. तिच्यात संशोधकाला सोळा अंकांचा एक क्रमांक मिळतो आणि नाव, आडनाव, संस्था किंवा देश बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. त्याचा शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो, कधी तो दहा येतो तेव्हा त्याजागी रोमन एक्स लिहितात, आणि टंकताना एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नसल्याने यंत्राला चूक ओळखता येते. अर्थात क्रमांक नीट घडलेला आहे एवढेच त्यावरून समजते. तो योग्य माणसाला जोडला आहे की नाही, हे गटातल्या माणसांनीच पाहावे लागते.

म्हणून विकीवरच्या नोंदीत नावाचे दोन रकाने ठेवणे श्रेयस्कर आहे. एकात नाव निबंधावर जसे छापले तसे, एकाही अक्षराची दुरुस्ती न करता; दुसऱ्यात त्या व्यक्तीच्या विकीवरील पानाचा दुवा, आणि त्या पानावर तिची सर्व नावे आणि ऑर्किड क्रमांक. ऑक्टोबर २०१२ मध्येच सुरू झालेल्या विकिडेटा या मुक्त माहितीकोशातही हाच भेद पाळलेला दिसतो, कारण तिथे लेखक म्हणून ओळखलेली व्यक्ती आणि केवळ छापील नाव यांसाठी दोन वेगळे गुणधर्म आहेत, आणि ओळख पटेपर्यंत नोंद दुसऱ्या गुणधर्मातच राहते. विवाहानंतरचे नाव मागील निबंधांवर चढवणे किंवा आधीचे नाव पुसणे, दोन्ही गोष्टी या रचनेत टळतात, आणि आपले काम कोणत्या नावाने ओळखले जावे हे ठरवण्याचा त्या व्यक्तीचा अधिकारही अबाधित राहतो.

लेखकांची संख्या हा वेगळा प्रश्न आहे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतल्या ॲटलास आणि सीएमएस या दोन गटांनी २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक आहेत, आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखक व त्यांच्या संस्था यांच्या नावांनीच भरली आहेत. सीएमएस गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग आहे, त्यामुळे तिथल्या सूचीकाराला हा प्रश्न प्रत्यक्षात सोडवावा लागतो. नोंदीत गटाचे नाव आणि स्थानिक लेखकांचे दुवे ठेवावेत, संपूर्ण यादीसाठी निबंधाच्या कायम दुव्यावर विसंबावे, आणि ‘इतर’ हा शब्द नोंदीत न लिहिता यादी दाखवतानाच लावावा, कारण एकदा नोंदीतून गाळलेले नाव परत मिळवणे कठीण असते. मेडलाइननेही एके काळी जागेच्या अभावी लेखकांची संख्या मर्यादित केली होती. १९८४ ते १९९५ या काळात दहाव्या लेखकानंतरची नावे तीत नोंदलीच जात नसत.

आता वर उल्लेखिलेला कायम दुवा. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि सूचीतल्या जुन्या दुव्यावर टिचकी मारली की रिकामे पान उघडते. यासाठी १९९८ पासून डीओआय या ओळखचिन्हाची व्यवस्था उभी राहिली आणि २००० साली प्रकाशकांनी एकत्र येऊन स्थापलेल्या क्रॉसरेफ या संस्थेने ती शोधनिबंधांसाठी राबवली. डीओआय नेहमी १० या आकड्याने सुरू होतो, पुढे नोंदणी करणाऱ्या प्रकाशकाचा क्रमांक येतो आणि तिरप्या रेघेनंतर निबंधाचे चिन्ह. प्रत्यक्ष पत्ता बदलला तर प्रकाशकाने क्रॉसरेफकडे नवा पत्ता कळवायचा, डीओआय तसाच राहतो. हे चिन्ह वाचण्यासाठी नसते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे, आणि कोसंबींचा सर्वांत अधिक उद्धृत होणारा विज्ञाननिबंध त्याचे उत्तम उदाहरण आहे. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर कसे मोजावे हे सांगणारा हा चार पानी निबंध ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’च्या बाराव्या खंडात आहे, जनुकशास्त्रज्ञ तो कधी १९४३चा म्हणून उद्धृत करतात तर कधी १९४४चा, आणि पुष्कळ वर्षांनंतर त्याला मिळालेल्या डीओआयच्या अंकांत १९४३ हे वर्ष आलेले आहे. वर्षावरून जुळवणी करणाऱ्या यादीत हा निबंध दोनदा येतो, डीओआयवरून जुळवणी करणाऱ्या यादीत एकदाच.

दोनदा येण्याचे दुसरे आणि आज अधिक आढळणारे कारण प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकाच्या परीक्षणापूर्वी लेखकाने स्वतः खुली केलेली प्रत. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या अर्काइव्ह या भांडारात भौतिकी व गणिताचे निबंध अशा रूपात येतात, तिथे त्यांना वेगळा क्रमांक असतो आणि दुरुस्त प्रतींना आवृत्तीचा आकडा जोडला जातो. तोच निबंध दीडदोन वर्षांनी नियतकालिकात येतो तेव्हा शीर्षक बदललेले असू शकते. विकीवर त्यासाठी नवे पान न उघडता जुन्याच नोंदीत डीओआय, खंड आणि पृष्ठांक भरावेत आणि प्रीप्रिंटचा क्रमांकही राहू द्यावा, कारण ज्या वाचकाच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नाही त्याला निबंध वाचण्याचा मार्ग तोच असतो. प्रकाशकाने मांडून छापलेली प्रत मात्र विकीवर चढवण्याआधी करार पाहावा. पुष्कळ प्रकाशक परीक्षणानंतरची लेखकाची स्वतःची प्रत खुली ठेवू देतात आणि छापील रूप ठेवू देत नाहीत. ‘पाठवलेला’, ‘स्वीकृत’ आणि ‘प्रकाशित’ या तीन अवस्थांसाठी साच्यात एक रकाना असावा, आणि पाठवलेला निबंध सार्वजनिक यादीत दिसू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते, कारण परीक्षणाचा निर्णय येण्यापूर्वी एखाद्या नियतकालिकाचे नाव आपल्या यादीत मिरवणे वाचकाची दिशाभूल करते.

निबंध मागे घेतला जातो तेव्हा सूचीची कसोटी लागते. आकडेमोडीत प्रामाणिक चूक सापडल्यामुळे किंवा गैरप्रकार उघड झाल्यामुळे नियतकालिक निबंध मागे घेतल्याची सूचना छापते. तो निबंध नाहीसा होत नाही, त्यावर शिक्का बसतो. अशा निबंधाचे पान विकीवरून काढून टाकण्याची इच्छा होणे मानवी आहे, पण ते पान ठेवून त्यावर सूचनेचा डीओआय, तारीख आणि कारण लिहिणे हेच योग्य, कारण त्या निबंधावर आधारून काम करणारा विद्यार्थी आधी गटाच्या सूचीतच पाहणार असतो. क्रॉसरेफने सप्टेंबर २०२३ मध्ये रिट्रॅक्शन वॉच यांचा मागे घेतलेल्या निबंधांचा माहितीसंग्रह घेऊन सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे वर्षातून एकदा आपले सर्व डीओआय त्याच्याशी पडताळून पाहणे आता कोणत्याही गटाला शक्य आहे. ज्याने प्रामाणिकपणे चूक कळवून निबंध मागे घेतला त्याचा सूचीत उघड उल्लेख असणे हे त्याच्या सचोटीचेच नोंदपत्र होय.

देखभालीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. निबंध स्वीकारला गेला की पहिल्या लेखकाने नोंद करावी आणि महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीत नव्या नोंदी पाहाव्यात. गट सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगवही देताना आपली पानेही तपासून द्यावीत. एकाच वेळी दोघांनी एकच ओळ बदलली तर मीडियाविकी दोन्ही मजकूर समोर ठेवून निवड करायला सांगते, आणि प्रत्येक निबंधाला स्वतंत्र पान असेल तर असा प्रसंग क्वचितच येतो. मतभेद झाला तर तो चर्चापानावर लिहावा, म्हणजे अमुक लेखकाचे नाव अमुक क्रमाने का आहे हे नंतर येणाऱ्यालाही कळते. टिमथी गॉवर्स यांनी २००९ साली सुरू केलेल्या पॉलिमॅथ या सामूहिक गणितप्रकल्पाचा निबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला, आणि प्रत्यक्ष कोणी काय सुचवले याचा माग वाचकाला त्यांच्या उघड चर्चेतून आणि विकीच्या पानांतून काढता येतो. अखेर, विकी चालवणारे यंत्रही एक दिवस बंद पडते. म्हणून सर्व पाने निर्यातीच्या सोयीने एका फाइलीत उतरवून ती फाइल ग्रंथालयात आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्या गटांसमोर यापलीकडचे एक काम उरते. मराठी नियतकालिकांतील बहुसंख्य लेखांना डीओआय नाही, आणि म्हणून आयात करणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीला ते दिसत नाहीत. विभागाच्या यादीत इंग्रजी निबंध आपोआप येतात आणि त्याच माणसाने मराठीत केलेले तितकेच कष्टाचे लेखन वगळले जाते. अशा लेखांची नोंद हाताने करावी: शीर्षक मूळ देवनागरीत, त्यासोबत भारतीय लिप्यांच्या रोमनीकरणासाठी २००१ साली ठरलेल्या आयएसओ १५९१९ या मानकानुसार लिप्यंतर, नियतकालिकाचे नाव, अंक, महिना, पृष्ठे आणि तो अंक कोणत्या ग्रंथालयात पाहिला ते. या मानकात ‘ळ’ला स्वतःचे चिन्ह आहे.

कोसंबींचे गणिती आणि संख्याशास्त्रीय लेखन, डुक्रे या नावाने लिहिलेल्या निबंधांच्या माहितीसह, निवडक संग्रहाच्या रूपाने २०१६ साली एकत्र आले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी. त्यात ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा निबंध आहे. यादृच्छिक प्रक्रियांचे घटकांत पृथक्करण करण्याची जी पद्धत त्यात मांडली आहे ती कारी कारहुनेन आणि मिशेल लोएव्ह यांनी नंतर स्वतंत्रपणे शोधली, आणि कितीतरी वर्षे ती त्या दोघांच्याच नावाने शिकवली गेली. आता काही ग्रंथांत तिच्या नावात कोसंबी हे नाव पहिले येते. विकीवर या निबंधाची नोंद करायची तर रकाने असे भरतील: छापील नाव डी. डी. कोसंबी, व्यक्ती दामोदर धर्मानंद कोसंबी, नियतकालिक ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’, खंड ७, वर्ष १९४३, पृष्ठे ७६ ते ८८.